अस्मानी, सुलतानी आणि हवामानबदल : एका जोडशब्दाची फेरतपासणी

१

हवामानबदलाविषयीच्या लोकजाणिवेचा विचार बहुधा माहिती आणि अज्ञान या दोनच पदांच्या आधारे केला जातो. ज्यांना माहिती आहे ते जागरूक, ज्यांना नाही ते उदासीन आणि म्हणून प्रबोधन हाच उपाय, अशी ही मांडणी असते. समाजशास्त्रीय पाहण्या तिला आकड्यांचा आधार पुरवतात. तथापि हेच आकडे एखाद्या संहितेसारखे वाचले, तर त्यांतून वेगळा प्रश्न पुढे येतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या हवामानविषयक प्रकल्पाने २०११ च्या अखेरीस भारतात सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी केली. ‘जागतिक तापमानवाढ’ हे आपण कधी ऐकलेले नाही किंवा त्याविषयी काही सांगता येत नाही, असे ४१ टक्के लोक म्हणाले. त्यानंतर या संज्ञेचा अर्थ थोडक्यात सांगितला गेला, तेव्हा ७२ टक्के लोकांनी ‘असे घडते आहे’ असे मान्य केले. दहा वर्षांनी, २०२१-२२ मध्ये केलेल्या पाहणीतही ५४ टक्क्यांना या विषयाची अगदी थोडी माहिती होती वा मुळीच नव्हती. अर्थ सांगितल्यावर मात्र ८४ टक्क्यांनी होकार दिला. या दोन आकड्यांमधले अंतर अज्ञानाचे मानले जाते. वस्तुतः ते नाव आणि अनुभव यांच्यातले अंतर आहे. चार ओळींचे स्पष्टीकरण ऐकून कोणी नवा विश्वास स्वीकारत नाही. आपल्या अनुभवाला कोणी बाहेरून एक नाव दिले आणि ते नाव ऐकणाऱ्याने ओळखले, एवढाच त्या होकाराचा अर्थ असू शकतो.

युरोपातील एका अभ्यासाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. कारी नॉरगार्ड या समाजशास्त्रज्ञ महिलेने २०००-०१ च्या उबदार हिवाळ्यात नॉर्वेतील एका गावात राहून केलेला अभ्यास २०११ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेथील लोकांना हवामानबदलाची पूर्ण माहिती होती; बर्फ उशिरा पडल्याचे परिणामही ते भोगत होते; तरी दैनंदिन बोलण्यात आणि स्थानिक राजकारणात तो विषय येऊ न देण्याची एक सामूहिक रीत त्यांनी अंगी बाणवली होती. तेथे नाव होते, पण ते अनुभवाला लावले जात नव्हते. आपल्याकडे अनुभव आहे आणि नाव उपरे आहे. म्हणून मराठी समाजापुरता प्रश्न असा मांडावा लागतो : हवामानाच्या आपत्तीचा अनुभव आपण आजवर कोणत्या भाषिक घाटात साठवत आलो, आणि त्या घाटानेच आपली वृत्ती कितपत घडवली?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘अस्मानी-सुलतानी’ या जोडशब्दापाशी थांबावे लागते. मराठीत आपत्तीच्या आकलनाचे हे सर्वांत जुने आणि अजून जिवंत असलेले वर्गीकरण आहे. हवामानबदलाची कल्पना हे वर्गीकरण मोडते. परंतु सार्वजनिक व्यवहारात ते मोडू न देण्यासाठी हवामानबदल हाच शब्द वापरला जात आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

‘अस्मानी’ म्हणजे आकाशातून आलेले आणि ‘सुलतानी’ म्हणजे सत्तेकडून आलेले संकट, हा अर्थ सर्वपरिचित आहे. रामदासांच्या स्फुट रचनांत या नावाने ओळखले जाणारे प्रकरण आहे. ज्या शतकात तुकारामांच्या घरावर १६३० च्या आगेमागे पडलेल्या दुष्काळाचा घाला आला आणि ज्या शतकात फौजांच्या येण्याजाण्याने गावे उठत होती, त्या शतकाला ही दोन संकटे एका दमात उच्चारणे स्वाभाविक होते. पण या जोडशब्दाचा केवळ भावनिक वापर लक्षात घेतल्याने त्याचे खरे कार्य नजरेआड होते. जुन्या महसुली कागदपत्रांत, कौलांत आणि इजाऱ्यांच्या करारांत तो एक अट म्हणून येतो. अस्मानी वा सुलतानी झाल्यास साऱ्यात सूट मिळावी, असा त्या अटीचा आशय असतो.

या अटीचा घाट बारकाईने पाहिला पाहिजे. संकट कोठून आले याचा निर्णय तेथे केला जातो, पण तो रयतेला दोषमुक्त करण्यासाठी. पाऊस पडला नाही हा कुणब्याचा दोष नव्हे आणि घोडदळाने पीक तुडवले हाही त्याचा दोष नव्हे. म्हणून दोन्ही प्रसंगी देणे सत्तेने सोडायचे. अर्थात ही सूट प्रत्यक्षात किती मिळे, हा वेगळा विषय आहे. संहितेच्या पातळीवर मात्र ‘अस्मानी’ हा शब्द सोसण्याचा उपदेश करीत नाही. तो सत्तेवर एक दावा निर्माण करतो. आज ‘अस्मानी’ म्हटले की जी हतबलता सूचित होते, ती या शब्दाला नंतर चिकटलेली छटा आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर हे वर्गीकरण प्रथम कसून तपासले ते जोतीराव फुले यांनी. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ शेतसारा, कोर्टकचेऱ्या, कामगारवर्ग आणि सावकारी यांच्यावरील हल्ला म्हणून वाचला जातो आणि ते बरोबरच आहे. परंतु त्यातील पाण्याचा आणि मातीचा विचार या संदर्भात अधिक महत्त्वाचा ठरतो. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर वाहून शेतात येत असे, ती व्यवस्था का बिघडली. जंगलखात्याने गायराने आणि डोंगर गिळल्यावर शेतकऱ्याच्या जनावरांचे काय झाले. जागोजाग ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत का मुरवले जात नाही, असे प्रश्न फुले विचारतात. पाऊस कमी पडणे ही घटना ते नाकारत नाहीत. त्या घटनेचे दुष्काळात रूपांतर होण्याची प्रक्रिया ते माणसांच्या हातांपर्यंत आणून पोचवतात. अस्मानीच्या पोटात सुलतानी शोधण्याची ही मराठीतील पहिली पद्धतशीर वाचनकृती म्हणता येईल.

१९७२ च्या दुष्काळानंतर असेच एक वाचन चळवळींनी घडवले. दुष्काळी कामावर मिळणारी मजुरी ही सरकारी दया आहे, ही कल्पना मागे पडली आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ‘मागेल त्याला काम’ हा हक्क बनला. पावसाच्या अभावातून एक कायदा निर्माण झाला, म्हणजे जुन्या करारातील दाव्याचे ते आधुनिक रूप होते. हवामानविषयक कृतीबद्दल मराठी समाज निष्क्रिय आहे असे म्हणणाऱ्यांनी हा पूर्वेतिहास विसरू नये. या समाजाने ऋतूच्या आपत्तीवर राजकीय कृती केलेली आहे. तिला वेगळे नाव होते, इतकेच.

३

मराठी कादंबरीने हे वर्गीकरण कसे हाताळले, हे तीन उदाहरणांवरून पाहता येईल. या कृतींच्या वाङ्मयीन मूल्याची चर्चा अन्यत्र भरपूर झाली आहे. आपत्तीला तेथे कर्ता आहे की नाही, एवढाच मुद्दा येथे तपासावयाचा आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ शेवटाकडे येतो आणि गाव रिकामे करून जातो. त्याला कारण दिलेले नाही, आणि ते नसणे हेच त्या कादंबरीच्या कथनाचे बळ आहे. निवेदक मास्तर संस्थानचा नोकर आहे. त्याच्या खटपटीने उभ्या राहिलेल्या तालमीसाठी राजेसाहेब वाडीवर येतात. म्हणजे सत्ता या विश्वात अनुपस्थित नाही. ती दिसते, तिचा मान राखला जातो; पण मेंढरे मरू लागतात तेव्हा तिच्याकडे पाहावे असे कोणालाच वाटत नाही. तालीम हा राजाचा विषय आणि पाऊस हा आभाळाचा विषय, ही वाटणी इतकी पक्की आहे की तिचा उच्चारही करावा लागत नाही. अस्मानी जाणिवेचे इतके निखळ रूप मराठीत क्वचितच आढळेल.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) दुसऱ्या टोकाला उभी आहे. येथे पाणी येते ते धरणाच्या भिंतीमुळे, आणि गाव उठते ते सरकारी आदेशामुळे. प्रत्येक हानीमागे एक कागद, एक सही, एक दलाल आहे. कर्ता दिसत असल्यामुळे संतापाला जागा मिळते आणि कादंबरी त्या संतापावर उभी राहते. मात्र पाणी हे निसर्गाचे रूप म्हणून येथे जवळजवळ उरतच नाही. ते संपूर्णपणे प्रशासनाचे द्रव्य बनते. निखळ सुलतानी जाणिवेची ही मर्यादा नोंदवली पाहिजे.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) ही वाटणी प्रथमच अस्थिर होते. उच्चशिक्षित असूनही नोकरी न मिळालेला एकनाथ ज्या शेतीत अडकला आहे, तेथे लहरी पाऊस, बियाणे, कर्ज, बाजारभाव आणि लाच यांची अशी गुंतागुंत झाली आहे की कोणता धागा आभाळाचा आणि कोणता माणसांचा हे वेगळे करता येत नाही. शीर्षकही सूचक आहे. वर्षभराच्या चक्राची खात्री ही कृषिसंस्कृतीची मूळ खात्री. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची (१९५६) रचनाच या खात्रीवर उभी आहे, तेथे महिना पालटला की निसर्ग आपली ठरलेली रूपे घेऊन येतो. ‘बारोमास’मध्ये चक्र उरते ते कष्टाचे आणि देण्याचे, ऋतूंचे चक्र त्याला साथ देईनासे होते. कादंबरीत हवामानबदल हा शब्द कळीचा नाही. तरीही या विषयाची मराठीतील आरंभीची गंभीर कृती म्हणून तिचे पुनर्वाचन व्हायला हवे, कारण हवामानबदलाने निर्माण केलेला ज्ञानात्मक पेच, म्हणजे कर्त्याची अनिश्चिती, तिच्या कथनरूपातच उतरला आहे.

अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) या ग्रंथात केलेला युक्तिवाद येथे थोडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. वास्तववादी कादंबरीने असंभाव्य घटनांना हद्दपार करून संभाव्य दैनंदिनतेला केंद्र मानले. म्हणून हवामानाची आपत्ती तिच्या कवेत येत नाही, असे घोष म्हणतात. शहरी मध्यमवर्गीय कादंबरीला हे लागू पडेल. मराठी ग्रामीण कादंबरीची अडचण नेमकी उलटी आहे. दुष्काळ तिला असंभाव्य कधीच वाटला नाही. त्याच्यासाठी तिच्याकडे तयार जागा आहे, तयार प्रतिमा आहेत, भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे लागलेले डोळे आहेत. आपत्ती आधीच इतकी परिचित असल्यामुळे तिच्यातले नवे काय हे दिसत नाही. असंभाव्यतेपेक्षा अतिपरिचय हा येथे मोठा अडसर ठरतो.

४

हा अतिपरिचय भाषेच्या अंतर्गत व्यवस्थेतही पाहता येतो. मराठीत पाऊस पडतो, थंडी पडते, गारा पडतात आणि दुष्काळही पडतो. ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्ता म्हणून ती घटनाच पुरते. व्याकरणामुळे विचार बांधला जातो असा टोकाचा दावा करण्याचे कारण नाही, कारण याच भाषेत ‘पाडणे’ हे प्रयोजक रूपही आहे. ते कोठे वापरले जाते हे पाहणे उद्बोधक आहे. २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात ढगांवर रसायने फवारण्याचे प्रयोग झाले, तेव्हा शासनाने ‘कृत्रिम पाऊस पाडला’. पाऊस पाडणारी सत्ता भाषेला चालते. दुष्काळ पाडणारी सत्ता मात्र शासकीय निवेदनात शोधूनही सापडत नाही. एकाच क्रियापदाच्या दोन रूपांत श्रेय आणि दायित्व यांची अशी वाटणी झालेली आहे.

शासकीय आणि वृत्तपत्रीय मराठीतील ‘-सदृश’ या उत्तरपदाची कामगिरीही अशीच दुहेरी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १८० तालुक्यांत प्रथम ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली आणि महिन्याच्या अखेरीस १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर झाला. त्या दोन शब्दांमध्ये निकषांची आणि सवलतींची एक संपूर्ण व्यवस्था उभी असते. ‘सदृश’ असताना संकट दिसते, पण सगळे देणे लागू होत नाही. उलट एखाद्या शहरात चार तासांच्या पावसाने नाले तुंबले की ‘ढगफुटीसदृश पाऊस’ झाल्याचे सांगितले जाते. हवामानशास्त्राच्या रूढ निकषानुसार ढगफुटी म्हणजे मर्यादित क्षेत्रात तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस. तो निकष पूर्ण झाला की नाही याची पर्वा न करता ‘सदृश’ लावल्याने आभाळाचा वाटा मोठा होतो आणि नाल्याचा, भरावाचा, परवानगीचा वाटा लहान होतो. जेथे देणे द्यायचे तेथे हे उत्तरपद आपत्तीला आखूड करते, जेथे जाब द्यायचा तेथे ते तिला लांबवते.

‘हवामानबदल’ ही संज्ञा आता याच व्यवस्थेत शिरली आहे. मुळात मराठीत ‘हवामान’ हा शब्द रोजच्या हवेसाठीही वापरला जातो आणि दीर्घकालीन सरासरीसाठीही. हवामान बदलले की सर्दी होते, असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे संज्ञा ऐकताच कळल्यासारखी वाटते आणि तिच्यातील मूळ विधान, म्हणजे हा बदल कोळसा, तेल आणि वायू जाळण्यातून माणसांनी घडवला आहे हे विधान, निसटून जाते. हवामान काय, ते बदलतच असते! अशा रीतीने जी संज्ञा अस्मानीचा कर्ता दाखवण्यासाठी आली, तीच एक नवी अस्मानी बनते. पूर का आला? हवामानबदलामुळे. पीक का गेले? हवामानबदलामुळे. उत्तर शास्त्रीय वाटते आणि प्रश्न तेथेच मिटतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याही शहराला पेलणे कठीण होते, हे मान्यच आहे. परंतु त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीला मिठी नदीचे अरुंद झालेले पात्र आणि पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता यांचा विचार करावा लागला, तो पाऊस अपूर्व होता म्हणून अनावश्यक ठरला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, तेव्हाही सलग अपुऱ्या पावसाबरोबर मांजरा खोऱ्यातील उसाचा प्रश्न उभा होता. पी. साईनाथ यांनी दुष्काळ-निवारणाभोवती जमणाऱ्या हितसंबंधांवर १९९६ मध्येच बोट ठेवले होते. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हे त्यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाचे शीर्षक त्यामुळेच लोकांच्या तोंडी बसले. हवामानबदल खरा आहे, एवढ्याने हे हितसंबंध खोटे ठरत नाहीत.

५

दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये ‘क्रिटिकल इन्क्वायरी’त प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले की, मानवनिर्मित हवामानबदलामुळे निसर्गाचा इतिहास आणि माणसाचा इतिहास यांतील जुना भेद कोसळतो. मराठी वाचकाला हा भेद परका नाही. ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ यांच्यामधला तो संयोगचिन्हाएवढा अवकाश आहे. मात्र चक्रवर्ती ज्या ठिकाणी ‘मानवजात’ हा नवा कर्ता सुचवतात, तेथे मराठी जोडशब्द अधिक अवघड प्रश्न विचारतो. सुलतानी म्हटले की सुलतान कोण हे सांगावे लागते. ‘मानवजात’ या उत्तराने तालुक्याला टँकरची वाट पाहणारी बाई आणि गेली दोनशे वर्षे कोळसा जाळून संपन्न झालेली राष्ट्रे एकाच सर्वनामात बसतात.

यावर एक आक्षेप संभवतो. सुलतानाचा शोध घेण्याची ही वृत्ती दोष दुसऱ्यावर ढकलून स्वतःच्या जीवनपद्धतीला हात लावू देत नाही, असे म्हणता येईल. शिवाय मोठा सुलतान सातासमुद्रापलीकडे असल्यामुळे त्याच्यावर केलेला दावा निव्वळ भाषिक ठरण्याचा धोका आहे. आक्षेपात तथ्य आहे. आता सुलतान एक नाही : एक दूरचा, उत्सर्जनाच्या इतिहासाचा, एक जवळचा, पूररेषेच्या आत परवानगी देणारा आणि टेकडी कापू देणारा, आणि काही अंशी आपल्या सोयींचा सुलतान आपणही आहोत. नंदा खरे यांच्या ‘उद्या’ (२०१४) या भविष्यलक्ष्यी कादंबरीने सत्तेचे केंद्र राज्यसंस्थेकडून बड्या उद्योगसमूहांकडे सरकताना दाखवले आहे, तेही या संदर्भात लक्षणीय आहे. परंतु सुलतान अनेक असणे म्हणजे सुलतान नसणे नव्हे. दायित्वाची वाटणी कठीण आहे म्हणून ती करूच नये, असा निष्कर्ष काढणे हे आभाळाकडे बोट दाखवण्याचेच सुधारलेले रूप होय.

विज्ञानाने या वाटणीला एक नवे साधनही दिले आहे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत आणि पाकिस्तानात आलेल्या उष्णतेच्या लाटेची शक्यता हवामानबदलामुळे सुमारे तीस पटींनी वाढली होती, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने काढला. ‘हे माणसाने केले’ किंवा ‘हे आभाळाने केले’ अशा दोन वाक्यांत हे विधान बसत नाही. त्यात कर्ता आहे, पण तो संभाव्यतेच्या भाषेत आहे. असा कर्ता पेलणारे कथनरूप मराठीत अद्याप पुरेसे घडलेले नाही, आणि सार्वजनिक वृत्तीतील गोंधळाचे एक कारण येथे आहे. लोक उदासीन आहेत असे म्हणण्यापेक्षा, अंशतः कर्ता असलेल्या आपत्तीचे वाक्य आपल्याला अजून नीट जुळवता आलेले नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

समीक्षेचे काम येथे मर्यादित असले तरी टाळता येण्याजोगे नाही. पंचनामे, पैसेवारीचे तक्ते, आपत्तीनंतरची निवेदने, पाहणीतील प्रश्नावली आणि ग्रामीण कादंबऱ्या या सर्व संहिता एकत्र वाचून, त्यांत कर्ता कोठे ठेवला आहे आणि कोठे गाळला आहे हे दाखवणे तिला शक्य आहे. जुन्या कागदांतील ‘अस्मानी-सुलतानी’च्या अटीने दोषमुक्त होत असे ती रयत. तीच अट नव्या नावाने वापरून आज सत्ता दोषमुक्त होऊ पाहते आहे. हा उलटलेला अर्थ पुन्हा मूळच्या दिशेने वळवायचा, तर पाऊस कमी पडला की जास्त, या माहितीबरोबर देणे कोणाकडे निघते हा हिशेबही मराठीत मांडावा लागेल. तो मांडण्याची सवय या भाषेला पूर्वी होती.